आबांनी आणलेलं गाईड

आमच्या घरात माणसांना कूलर आहे आणि पुस्तकांना एसी. जळगावचा मे महिना ज्यांनी काढलाय त्यांना माझा संताप वेगळा समजावून सांगायला नको. बाहेर सत्तेचाळीस अंश, मी गॅससमोर भाकरी थापतेय, सासरे हॉलमध्ये कूलरपुढे डोक्यावर ओला पंचा टाकून बसलेत, आणि आतल्या खोलीत ओरला थेनविकबाई काचेच्या कपाटात गारेगार आराम करतायत. लग्नाआधी मला कुणी सांगितलं असतं की सवत अशी असते, तर मी धुळ्यातच राहिले असते.

ओरला थेनविक ही माझ्या नवऱ्याची, योगेंद्रची, लाडकी लेखिका. कुठल्याशा पावसाळी बेटावर राहायची, आता हयात नाही. अद्भुताच्या गोष्टी लिहायची. त्यातली एक कादंबरी यांच्या डोक्यात जी बसली ती बसलीच. नाव मराठीत सांगायचं तर ‘नदी नसलेला नावाडी’. एका म्हाताऱ्या नावाड्याची नदी एके दिवशी गाव सोडून निघून जाते. तो नाव पाठीवर बांधतो आणि नदी शोधायला निघतो. वाटेत एक अनाथ पोरगी त्याच्यासोबत लागते. बोलणारे दगड भेटतात, पाणी विकणारी भुतं भेटतात, काय काय होतं, आणि शेवटी नदी सापडते. पोरगी तिथेच काठावर घर बांधते, म्हणते, बाबा, थांबा माझ्याकडे. पण नावाडी थांबत नाही. आपल्या कोरड्या घाटावर तो एकटा परत जातो, कारण कुणी पलीकडे जायला आलंच तर घाटावर माणूस पाहिजे. हा शेवट सांगताना योगेंद्रचा आवाज दर वेळी बसतो. शाळेत इंग्रजी शिकवणारा, पोरं ज्याला टरकून असतात असा माणूस, त्या जागी आला की खाकरायला लागतो.

तर ही एकच गोष्ट आमच्या कपाटात चौतीस भाषांमध्ये आहे. जपानी आहे, फिनिश आहे, तुर्की आहे, जॉर्जियन म्हणून एक भाषा असते तीही आहे. इंग्रजी सोडून यातलं एक अक्षर योगेंद्रला वाचता येत नाही. मी म्हणायचे, वाचता येत नाही ते घ्यायचं कशाला? तर म्हणे, गोष्ट पाठ आहे, त्यामुळे कुठल्या पानावर काय चाललंय ते कळतं. रविवारी कपाट उघडून बसतो. या आवृत्तीत नावाड्याच्या वाटेचा नकाशा पुढे छापलाय, त्या आवृत्तीत मागे. जपानीत चित्रातली नाव उजवीकडून डावीकडे चाललीये. एकीत तर नावाड्याला कुणी टोपीच घातलीये. जगभर असे वेडे आहेत, त्यांच्याशी अदलाबदल चालते. फारसी पुस्तक कसं आलं ठाऊक आहे? यांच्या चुलतभावाचा मुलगा कुंदन फैजपूरकडे केळीच्या निर्यातीत आहे. केळीचे कंटेनर इराणला जातात. तिकडच्या व्यापाऱ्याला गळ घालून त्याने पुस्तक मागवलं. केळी गेली आणि नावाडी आला.

आणि नियम काय कडक! एका देशातल्या प्रकाशकाने शेवट गोड करून छापला होता, नावाडी पोरीकडेच राहतो असा. ते पुस्तक मोठ्या मुश्किलीने मिळवलेलं. शेवटची पानं कुणाकडून तरी समजावून घेतली आणि योगेंद्र लालबुंद झाला. “बाईने लिहिलंय ते बदलणारे हे कोण?” आणि पुस्तक पोस्टाने परत. माझा चहाचा कप एकदा तुर्की पुस्तकावर टेकला होता, तर आठ दिवस माझ्याशी बोलणं बंद. हे मुद्दाम सांगून ठेवते, पुढे लागेल.

आता या वेडाचं मूळ. ते मला लग्नानंतर कळलं, आणि आबांना सांगणार नाही अशी शपथ घालून.

आबा म्हणजे माझे सासरे, उखर्डू आबा. यावल तालुक्यातले केळीवाले. पूर्वी केळी रेल्वेच्या वॅगनीतून दिल्लीला जायची तेव्हा आबाही मालाबरोबर जायचे. योगेंद्र आठवीत होता, इंग्रजीत गटांगळ्या खात होता. सरांनी सांगितलं, गाईड घ्या. आबांनी ते मनावर घेतलं. माल उतरवून झाल्यावर दिल्लीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचे ढीग होते, तिथे गेले. आबांचं शिक्षण चौथी, मराठी वाचतात, इंग्रजी नाही. त्यांनी ढिगातलं सगळ्यात जाड पुस्तक निवडलं. जाड आहे म्हणजे त्यात सगळं असणार. शिवाय वर चित्र होतं, एक म्हातारा पाठीवर नाव घेऊन चाललाय. ओझं वाहणारा माणूस आबांना भरवशाचा वाटला.

ते पुस्तक गाईड नव्हतं हे तर झालंच. पण ते इंग्रजीसुद्धा नव्हतं. हंगेरियन होतं. कुणा प्रवाशाने दिल्लीत टाकून दिलेलं असणार. आठवीतलं पोर डिक्शनरी घेऊन बसलं. पहिला शब्द सापडेना, दुसरा सापडेना, पान संपलं तरी एक शब्द सापडेना. अक्षरांच्या डोक्यावर टिंबं होती, ती त्याला माश्यांची घाण वाटली, खोडरबराने खोडून पाहिली. आपण अगदीच ढ आहोत असं समजून तो काही दिवस लपून रडला. मग त्याच्या ध्यानात आलं की ढ आपण नाही, पुस्तक भलतंच आहे. पण तोवर आबांनी गावभर सांगून झालं होतं. रोज संध्याकाळी शेतातून आले की विचारायचे, “गाईड वाचलं का रे?” आणि शेजारी बसून राहायचे, पोरगा वाचतोय ते बघत. काय सांगणार? योगेंद्र रोज ते पुस्तक उघडून बसायचा आणि त्यातला नकाशा बघायचा. मित्राच्या गाईडवर अभ्यास करून पास झाला. आबांनी पेढे वाटले.

पुढे अमळनेरला कॉलेजात असताना लायब्ररीत एक इंग्रजी कादंबरी त्याच्या हाताला लागली, आणि उघडली तर तोच नकाशा. आपली गल्ली ओळखू यावी तसा त्याने ओळखला. तिथेच उभ्याने वाचायला लागला. तेव्हापासून हे सुरू आहे. कपाटात सगळ्यात वर, एकटं, ते हंगेरियन पुस्तक असतं. घरी पाहुणा आला की आबा त्याला कपाटापाशी नेतात आणि बोट दाखवतात. “ते वरचं पाह्य. मी आनलं व्हतं दिल्लीहून. त्याच्यावरच पोरगा इंग्रजी शिकला.” योगेंद्र मान हलवतो. मी चहा टाकायला आत जाते, कारण मला हसू आवरत नाही.

सासूबाई गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. जमीन बटाईने दिली आणि आबांना आम्ही जळगावला आणलं. आणलं म्हणजे देहाने. मनाने ते तिकडेच. खोलीच्या दारामागे त्यांची पिशवी कायम भरलेली असते: दोन धोतरं, सदरे, औषधाच्या गोळ्या. काही झालं की म्हणतात, “मी जातो गावाले.” भाजीत मीठ जास्त झालं तरी गावाले आणि टीव्हीचा आवाज मोठा झाला तरी गावाले. गेल्या वर्षी खरंच गेले. मळ्यात विहिरीपाशी चक्कर येऊन पडले ते उन्हात तसेच पडून राहिले. बटाईदाराची बायको शेवंताबाई संध्याकाळी पाण्याला आली म्हणून सापडले. दवाखान्यात डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, यांना पुन्हा एकटं ठेवू नका, पुढच्या वेळी शेवंताबाई वेळेवर येईलच असं नाही.

मला आबा हवे आहेत. सरळ सांगते. माझे वडील मी लहान असताना गेले. आबा माझ्यासमोर लसूण सोलत बसतात, माझ्या अहिराणीची नक्कल करतात, मी ओरडले तर उलट ओरडतात. इतकी वर्षं मला असं हक्काने भांडायला मोठं माणूस नव्हतं. योगेंद्र आणि त्यांच्यात मात्र बोलणं असं नाहीच. भांडण नाही, पण जेवलात का, गोळी घेतली का, पंखा वाढवू का, यापुढे गाडी जात नाही. आबांचं दुखणं माझ्या लक्षात आलं होतं. या घरात त्यांना कुणी काम सांगत नव्हतं.

परवाच्या मे महिन्यात धुळ्याला माझ्या भाचीचं, हेमांगीचं लग्न निघालं. आबा म्हणाले, “मी नई येत. धुय्याचं ऊन अन् तुमच्या अहिराणीचं शे-शे, दोन्ही माह्याच्यानं सोसवत नई.” शेजारच्या सारिकाने जेवणाचं बघते म्हटलं, तेव्हा आम्ही दोघं निघालो. निघताना योगेंद्रने आबांना पुस्तकांच्या खोलीत नेलं. उन्हाने पुस्तकांचा डिंक सुटतो, कागद कुरकुरीत होतो, हे सांगितलं. एसीचा रिमोट हातात दिला. “आबा, खोली गार राह्यली पाहिजे, बस. बाकी काई नई.” आबांनी रिमोट सदऱ्याच्या खिशात ठेवला आणि ताठ उभे राहिले. कुणीतरी काम दिलं होतं. मला फार बरं वाटलं.

धुळ्याहून रोज फोन केला. रोज एकच उत्तर. “बठ्ठं बेस हाये. तुमी लगन पाहा.”

लग्न झालं. योगेंद्रला शाळेच्या प्रशिक्षणासाठी तिथूनच नाशिकला जायचं होतं, तो दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. मी एकटीच बसने सकाळी घरी आले. बॅग ठेवली, आणि पाहते तर पुस्तकांच्या खोलीचं दार उघडं, कपाटाचं दार उघडं, आणि कपाट रिकामं. एक पुस्तक नाही.

“आबा! चोरी झाली?”

आबा हसत बाहेर आले. इतके खुशीत मी त्यांना सासूबाई गेल्यापासून पाहिलं नव्हतं.

“चोरी कायची, रूपा? बस, पानी पे. तुमी गेले अन् दुसऱ्याच रोजी गल्लीतली लाइटची डीपी जयाली. लाइट गुल. वायरमन म्हने, चार रोज तरी नई येत. खोली अशी तापली की भट्टी. मले योगूचा सबूद आठोला. मंग मी तोतारामले फोन लावला.”

तोताराम म्हणजे आबांच्या गावचा माणूस. जळगावच्या वेशीबाहेर त्याचं केळी पिकवायचं चेंबर आहे. मोठी बंद थंड खोली असते, कच्ची केळी क्रेटमध्ये भरून आत रचतात आणि ती सारखी पिवळी होऊन बाहेर येते.

“त्याच्याकडे जनरेटर हाये,” आबा सांगत होते. “त्यानं टेम्पो धाडला. मी सोता एकेक पुस्तक क्रेटात भरलं. बाहेर सत्तेचायीस, अन् आत जसा पूस महिना. केयी उनात कायी पडते, तठी सोन्यावानी ऱ्हायते. मंग पुस्तक काब्र नई ऱ्हानार? तुमाले फोनवर नई सांगतलं. म्हनलं, लगनात कायले जिवाले घोर.”

मला काही कळत नव्हतं असं नाही. मी केळीवाल्यांची सून आहे, चेंबर आतून पाहिलेलं आहे. मी आबांचा हात धरला आणि रिक्षा बोलावली.

तोतारामने चेंबरचं जाड दार उघडलं. आतून गार हवा आली आणि पिकत्या केळीचा गोड वास. फरशी ओली होती. केळीला ओल लागते, नाहीतर साल सुकते, म्हणून तिथे सारखा पाण्याचा फवारा चालू असतो. एका बाजूला केळीचे क्रेट, दुसऱ्या बाजूला आमचे. आबांनी प्रत्येक दोन पुस्तकांच्या मध्ये केळीचं पान ठेवलं होतं, एकमेकांना घासू नयेत म्हणून. पानं कडेने नीट कापलेली होती. मी वरचं पुस्तक उचललं. ते फुगून दुप्पट झालं होतं. जपानीचं वरचं चकचकीत कव्हर पानाला चिकटून आलं. जॉर्जियनचा लाल रंग शेजारच्याला लागला होता. पानं उघडायला गेले तर ओल्या पापडासारखी लोंबली.

आबांनी माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, वजन केल्यासारखं तोललं. अंगठा कडेवरून फिरवला.

“केयीले वल लागते,” ते सावकाश म्हणाले. “पुस्तकाले नई लागत.”

मग तोतारामच्याच टेम्पोत आम्ही सगळे क्रेट भरून घरी आणले.

डीपी दुरुस्त झाली होती. मी घरातल्या सगळ्या चादरी जमिनीवर पसरल्या आणि त्यावर पुस्तकं उघडी करून मांडली. उन्हात टाकली असती तर वाकडी झाली असती, म्हणून पंख्याखाली. हॉल, स्वयंपाकघर, दोन्ही खोल्या, सगळीकडे. बाकीच्यांच्या घरी मे महिन्यात कुरडया-पापड वाळतात, आमच्या घरी चौतीस भाषांचं वाळवण पडलं होतं. चालायला जागा नव्हती. आबा भिंतीला टेकून पाय पोटाशी घेऊन बसले होते. थोड्या वेळाने उठले आणि दारामागची पिशवी हातात घेतली.

“मी जातो गावाले.”

या वेळी ते भाजीतल्या मिठावरून म्हणतात तसं नव्हतं. आवाजात रुसवा नव्हता, काहीच नव्हतं. मला विहीर दिसली.

मी त्यांच्या हातातून पिशवी ओढून घेतली, स्टुलावर चढले, पिशवी माळ्यावर टाकली आणि स्टूल उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवलं. “कोठे जाई ऱ्हायनात तुम्ही? बठ्ठं चांगलं व्हई जाई!” संतापले की माझी धुळ्याची भाषा बाहेर पडते. एरवी आबांनी लगेच नक्कल केली असती. त्यांनी नुसतं माळ्याकडे पाहिलं आणि पुन्हा खाली बसले.

योगेंद्रला मी फोन केला नाही. केला असता तर तिकडे एकटा बसून रागाला उकळी आणत राहिला असता. पण इकडे मला दिवसभर एकच दिसत होतं. तो येणार, हे बघणार, आणि काहीतरी बोलून जाणार. चहाच्या कपासाठी आठ दिवस अबोला धरणारा माणूस. तो एक शब्द जरी वाकडा बोलला, तर स्टूल काय, मी घराला कुलूप लावलं तरी आबा थांबणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. दारातच उभा राहिला. मी सगळं एका दमात सांगून टाकलं, डीपी, टेम्पो, चेंबर. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. चपला काढून तो पुस्तकांच्या मधून वाट काढत चालायला लागला. वाकायचा, एखादं पान बोटाने उचलायचा, सोडून द्यायचा. तुर्की. फिनिश. कुंदनने आणलेलं फारसी. त्याचा चेहरा लाल झाला होता आणि जबडा घट्ट. मी देवाचं नाव घेतलं.

आबा भिंतीशी उभे राहिले. “योगू, मीच केलं. रूपाले बोलू नको. मले त्यातलं काई समजत नई. उभ्या जन्मात एकच डाव बरोबर पुस्तक आनलं, ते दिल्लीचं. तेबी आता मीच खराब केलं. मले फैजपूरच्या गाडीत बसवून दे.”

हंगेरियन पुस्तक त्यांच्या पायाशीच होतं. सगळ्यात जुना कागद, म्हणून सगळ्यात जास्त फुगलेलं. योगेंद्रने ते उचललं. नाकाशी नेलं. मला वाटलं, आता हा फुटणार.

तो खाली बसला, चादरीच्या कडेला. बापाचा हात धरून त्यांनाही खाली बसवलं.

“आबा, एक सांगू? हे बी चुकीचंच व्हतं.”

“काय?”

“हे गाईड नव्हतं. इंग्रजी बी नव्हतं. हंगेरीची भाषा हाये ही. मले त्यातलं एक अक्षर आलं नई. आजबी येत नई.”

आबांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. मग त्यांनी कपाटाकडे पाहिलं, मग मुलाकडे. “अन् तू रोज संध्याकाई वाचे ते?”

“नकाशा पाहे.”

“अन् पास कसा झाला?”

“मित्राच्या गाईडावर.”

“मी गावात पेढे वाटले रे!” आबा खवळले. खरोखर खवळले, आणि मला इतकं हायसं वाटलं म्हणून सांगू. “बठ्ठ्या पाव्हन्याईले सांगत बसलो मी! तवाच काब्र नई सांगतलं?”

“तुमी रोज मव्हरं येऊन बसत व्हते,” योगेंद्र म्हणाला. “सांगतलं असतं तं बसले नसते.”

पंखा फिरत होता. सगळीकडे पानं एकदम उडायची आणि खाली बसायची. घरभर केळीचा वास होता.

“म्हंजे दोन्ही डाव चुकलो,” आबा हळूच म्हणाले.

“पयल्या चुकीचं कपाट भरलं. दुसरीचं काय व्हते ते पाहू.” योगेंद्रने डोळे पुसले, हसला. “तुमी गावाले गेले तं तिसरी कोन करीन?”

आबांनी ते फुगलेलं पुस्तक मांडीवर घेतलं आणि वरच्या म्हाताऱ्यावरून बोट फिरवलं. त्याच्या पाठीवरची नाव ओलीने फुगून आणखी मोठी झाली होती.

“यात हाये तरी काय लिव्हेल? हा मानूस नाव घीसन कुठी चालला?”

इतक्या वर्षांत आबांनी हे कधी विचारलं नव्हतं. कसं विचारणार? त्यांच्या लेखी ते गाईड होतं. गाईडात काय असतं, प्रश्न आणि उत्तरं.

योगेंद्र सांगायला लागला. शाळेतल्या मराठीत नाही, इंग्रजीत तर नाहीच, घरच्या बोलीत. एका गावात एक नावाडी व्हता, अन् एक रोज त्याची नदीच निंघून गेली. आबा मधे मधे तोडत होते. नदी गेली तं हीर काब्र नई खंदली? नाव इकून टाकाची, बैल घ्याचा. योगेंद्र म्हणे, आबा, ऐका तं खरं. पाणी विकणाऱ्या भुतांपाशी आबा म्हणाले, असे भुतं आपल्याकडेबी लय हायेत, टँकरवाले. मी भिंतीशी बसून ऐकत होते. माझ्या नवऱ्याला बापाशी इतकं बोलताना मी पहिल्यांदा पाहत होते. चहा करायचं भान मला राहिलं नाही.

नदी सापडली. पोरीने काठावर घर बांधलं. पोरगी म्हणाली, बाबा, थांबा माझ्याकडे.

“मंग?” आबा पुढे झुकले. “थांबला, का गावाले परत गेला?”

योगेंद्र खाकरला. नेहमीची जागा आली होती. त्याने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला.

“नई गेला, आबा,” तो म्हणाला. “तठीच राह्यला. पोरीनं जाऊच नई देल्लं.”

“अन् त्याचा घाट?”

“घाटावर कोनी येत नव्हतं. पोरीच्या घरी मातर त्याचं काम पडे.”

आबांनी बराच विचार केला. “बरं केलं,” ते म्हणाले. “म्हाताऱ्या मानसानं एकटं ऱ्हाऊ नई.”

चादरींवर पसरलेल्या चौतीसच्या चौतीस भाषांमध्ये तो नावाडी परत जातो. शेवट बदलला म्हणून पस्तिसावं पुस्तक परत पाठवणारा माणूस माझ्यासमोर मांडी घालून बसला होता, आणि माझ्याकडे बघत नव्हता.

मग आबा माळ्याकडे बघून म्हणाले, “रूपा, माही पिशवी काढ बरं खाली.”

मी पटकन उठून माळ्याखाली जाऊन उभी राहिले.

“त्यात चांगला सदरा हाये माहा,” आबा म्हणाले. “खुंटीले टांगाले पाह्यजे. चुरगयून ऱ्हायला असीन.”

स्टूल आणायला मी पुस्तकांवरून उड्या मारत गेले, आणि त्याबद्दल कुणी मला काही बोललं नाही.